मटाराचं ताट

आज तिळगूळ द्यायला मावशीकडे गेले होते. तिथून निघाल्यापासून डोकं तापलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहितेय. लांबेल, आधीच सांगते.

झालं एवढंच. वहिनी मटार सोलत बसली होती, मावशी शेजारी. गप्पांच्या नादात मावशीने हात पुढे केला, चार शेंगा उचलल्या आणि सोलायला लागली. वहिनीने ताट आपल्याकडे ओढून घेतलं. प्रेमाने, हसून. "आई, तुम्ही कशाला? तुम्ही बसा बरं आरामात." मावशीच्या हातात एक शेंग राहिली होती. तिने ती हळूच ताटात टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. वर भाऊ मला कौतुकाने सांगतोय, "ताई, आम्ही तिला काडीला हात लावू देत नाही. टॅबवर मेंदूचे गेम टाकून दिलेत. रोज अर्धा तास खेळते. डोकं चालू राहतं."

या बाईने सदाशिव पेठेत २९ वर्षं खानावळ चालवली. ४० पोरं दोन वेळा जेवायची. कुणाचे किती खाडे, कुणाचा शनिवारचा उपास, कुणाची मनीऑर्डर अजून यायची आहे, सगळं डोक्यात. वही होती, पण ती पोरांना दाखवायला. आणि हिचं डोकं चालू राहावं म्हणून आपण तिला रंगीत फुगे फोडायला लावतोय, आणि समोरचं मटाराचं ताट काढून घेतोय.

मी तिथे गप्प बसले. सणाचा दिवस होता हे एक. दुसरं म्हणजे, हेच सगळं मी माझ्या आईशी केलंय.

बाबा गेल्यावर वाईचं घर बंद करून आईला कोथरूडला आणलं. तेव्हा ती ७१ वर्षांची. वाईत तिला सगळे 'आरडीवाल्या काकू' म्हणायचे. पोस्टाची एजंट होती. ७० घरं. कुणाचा हप्ता १५ तारखेच्या आत जायला हवा, कुणाचा महिनाअखेर चालतो, कुणाच्या घरी दुपारी गेलं की पैसे मिळतात आणि कुणाकडे नवरा घरी यायच्या आत जायचं, हे तिला कधी लिहून ठेवावं लागलं नाही. मी तिला पुण्यात आणून काय दिलं? एक खोली, एक टीव्ही, स्वयंपाकाला बाई, किराणा मोबाइलवर. "आई, आयुष्यभर केलंस, आता आराम कर." हे मी दिवसातून चारदा म्हणायचे आणि मला वाटायचं मी फार चांगली मुलगी आहे.

आठ महिन्यांत आई विझली. दुसरा शब्द मला सुचत नाही. एकच प्रश्न तीनदा विचारायची. कशालाही "हो, हो" म्हणायची, भलत्याच गोष्टीला सुद्धा. मैत्रिणींचे फोन घेईना. आणि एका सकाळी मला विचारलं, "आज वार कोणता गं?" ७० घरांच्या तारखा पाठ असणाऱ्या बाईने. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

डॉक्टरांकडे नेलं. नाव घेत नाही. पाच मिनिटांत निकाल लावला त्यांनी. "वय झालंय. आता हे असंच चालायचं." आईच्या समोर! ती ऐकत नाहीये असं धरून. (खरं तर तिला ऐकू येत नव्हतंच, पण ते त्यांनी तपासलं कुठे?) आजही ते वाक्य आठवलं की माझी मूठ वळते. ७१ वर्षांच्या माणसाला तुम्ही एका वाक्यात मोडीत काढता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता?

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी आधी कान तपासायला पाठवलं. आणि रक्त. बी-१२ अगदी तळाला गेलेलं, आपल्या शाकाहारी घरांत हे किती जणांचं असतं, आणि दोन्ही कान चांगलेच अधू झालेले. म्हणजे माझी आई विसरत होती त्यातलं निम्मं तिला मुळात ऐकूच आलेलं नव्हतं! जे कानावर पडलंच नाही ते लक्षात कसं राहणार? आणि धड ऐकू येत नाही म्हणून बोलणं टाळायचं, बोलणं टाळलं की माणसं तुटतात, माणसं तुटली की डोक्याला काम उरत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी १४ कारणं सांगितली, जी सुधारता येण्याजोगी आहेत. ती सगळी हाताळली तर जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येऊ शकतो म्हणे. त्यात ऐकू न येणं आहे, नजर अधू होणं आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, एकटेपणा आहे. आपण मात्र चष्म्याला चष्मा म्हणतो आणि कानातल्या यंत्राला म्हातारपण. आईनेही तेच केलं. "मला नको ते बहिऱ्याचं यंत्र."

पहिले तीन आठवडे भयंकर गेले. कुकरच्या शिट्टीने दचकायची, प्लास्टिकची पिशवी चुरगळली तरी कान धरायची, रोज यंत्र काढून डबीत. डॉक्टर बाई म्हणाल्या, काढू देऊ नका, मेंदू पुन्हा ऐकायला शिकतोय, इतक्या दिवसांनी आवाज आलेत, त्यातला कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला नव्याने ठरवायला लागतंय. मेंदू लवचिक असतो हे मी पुष्कळदा वाचलं होतं. घरात, जेवणाच्या टेबलावर, ते घडताना तेव्हा पाहिलं. चौथ्या आठवड्यात आई एकदम म्हणाली, "खालच्या मजल्यावर भांडण चाललंय वाटतं." मला इतका आनंद झाला की काय सांगू.

पण नुसतं ऐकू येऊन भागत नाही, डोक्याला खाद्य लागतं. इथे मला त्या गेमवाल्यांचा राग येतो. २०१६ साली अमेरिकेत अशाच एका कंपनीला, आमचे खेळ खेळा आणि विसराळूपणा रोखा अशा जाहिराती केल्याबद्दल २० लाख डॉलर मोजावे लागले. फुगे फोडून माणूस फुगे फोडण्यात पटाईत होतो. बाजारहाटात होत नाही, हिशेबात होत नाही, माणसांत होत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले सुमारे २५,००० रस्ते पाठ करावे लागतात, तीन-चार वर्षं जातात त्यात. त्यांच्या मेंदूतला वाटा लक्षात ठेवणारा भाग, त्याच्या मागच्या बाजूला, इतरांपेक्षा मोठा निघाला. ती मोठी माणसं होती, शाळकरी पोरं नव्हती. आणि ते अवघड काम होतं, त्यावर त्यांचं पोट होतं.

बरं, लंडन राहू दे. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०१३ साली स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास मांडला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसला. निरक्षर लोकांमध्ये सुद्धा! मला लगेच माझ्या सोलापूरच्या सासूबाई आठवल्या. शाळा चौथी. घरात मराठी, भाजीवालीशी कानडी, शेजारच्या विणकरांच्या घरी तेलुगू. तिन्हीत भांडायच्या. ९० व्या वर्षापर्यंत बुद्धी तल्लख. त्यांना कुणी टॅब दिला नव्हता.

हो, मला माहीत आहे, खाली कोणीतरी लिहीलच. अल्झायमर हा आजार आहे, डोकं वापरलं म्हणून तो होतच नाही असं नाही. माझ्या मैत्रिणीचे वडील शेवटपर्यंत संस्कृत शिकवत होते, तरी त्यांना झाला. मान्य. श्रवणयंत्रं महाग आहेत, तेही मान्य. पण टळत नसेल म्हणून आजच हात बांधून ठेवायचे का?

आई शेवटी कशाने उठली सांगू? मोडीने. शेजारच्या काका-काकूंनी शनिवारच्या मोडी लिपीच्या वर्गाला जबरदस्तीने नेलं. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग खाली अक्षरं, हात शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही. म्हणजे वाचताना सारखं ताडायचं, हा शब्द इथे संपला की पुढे गेला? पहिला महिना ती रोज म्हणायची, मला नाही जमणार. मी एकदा "राहू दे मग" म्हणाले आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा म्हणाले नाही. पाचव्या महिन्यात वाईहून आणलेल्या ट्रंकेतला आजोबांचा एक कागद घेऊन बसली. तीन दिवस लागले. विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद निघाला. "साठ रुपये," आई म्हणाली, "आणि माझ्या आईच्या पाटल्या गहाण." हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी तिचे डोळे पुन्हा आरडीवाल्या काकूंचे झाले होते.

आज ती ७७ ची आहे. नावं विसरते, चष्मा शोधते. पण दूधवाल्याचा हिशेब तिच्याकडे आहे, बसने एकटी मंडईत जाते, आणि मी काळजी करते ती मनातल्या मनात करते.

आता लिहिता लिहिता वहिनीवरचा राग थोडा उतरलाय. तिची बाजू मला कळते. सासूला मटार सोलायला बसवलं की चार बायका बोलतात, म्हातारीकडून कामं करून घेते म्हणून. आपणच बोलतो ना असं? मीही बोललेय. तिने ताट ओढलं ते माझ्यासारख्या पाहुणीच्या धाकाने ओढलं असेल.

मघाशी मावशीला फोन केला. म्हटलं, खानावळीत ४० जणांच्या रश्शाला मटार किती लागायचे गं? एक क्षण गप्प. मग सुरू झाली. किती किलो शेंगांचे किती दाणे निघतात, पौषात किती आणि शिमग्याला किती, पाहुणा जास्त आला तर बटाटा किती वाढवायचा, आणि एक कोल्हापूरचा मुलगा होता तो मटार वेचून बाजूला ठेवायचा, त्याचं नाव, गाव, खोली नंबर. वीस मिनिटं. आवाज चढलेला, मध्येच खळखळून हसली सुद्धा.

फोन ठेवताना म्हणाली, "गुरुवारी दुपारी ये. सूनबाई ऑफिसात असते. आणि येताना दोन किलो मटार आण."