सहायक (आवाज)

बैठकीचं इतिवृत्त आज ग्रुपवर आलं. त्यात कामांची वाटणी आहे. खोका: दोन जण. दिवे: एक जण. नाव आणि बोधचिन्ह: तीन जण, शिवाय गरज पडल्यास उपसमिती. सगळ्यात खाली मी. पद: सहायक (आवाज). कोणाचा सहायक ते लिहिलेलं नाही, कारण आवाजाला प्रमुखच नाही. आम्ही सिंथेसायझर बनवतोय. वाद्य. तरी आवाज हे त्याचं जोडकाम आहे, असा एकंदर सूर.

बेत साधा होता. हौशी मंडळी जमवायची आणि घरच्या घरी डिजिटल सिंथ उभा करायचा. रास्पबेरी पाय पिको हा छोटा चिप-बोर्ड, आकड्यांचा आवाज करणारा एक डॅक, मिडीसाठी (वाद्यांनी एकमेकांना सूर कळवायची पद्धत) पाच पिनांचं सॉकेट आणि त्यामागे सिग्नल उजेडातून पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर. मिडीची केबल १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट याच वेगाने निमूटपणे काम करते आहे. आमच्यात तिच्यावरही मतदान झालं. ती थोडक्यात वाचली.

मला त्या दिवशी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं: एका वेळी किती सूर वाजले पाहिजेत? हा काही माझा हट्ट नव्हे. सेकंदाला आवाजाच्या लाटेचे ४४,१०० नमुने, म्हणजे आकडे, काढायचे, पिकोची चिप चालणार १३३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एका कोअरला दर नमुन्यामागे साधारण ३,००० फेऱ्या मिळतात. आठ सूर धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेचारशे. तेवढ्यात ऑसिलेटर (लाट काढणारा), एन्व्हलप (सुराचा चढ-उतार), फिल्टर सगळं उरकायचं, तेही पूर्णांकांत, कारण दशांशांच्या गणितासाठी या चिपमध्ये वेगळी सोय नाही. चारच सूर चालणार असतील तर मला रात्री झोप मिळते. म्हणून विचारलं.

"आठ की चार, एवढं आज ठरवू या," मी म्हणालो.

"अक्रोड," काका म्हणाले.

काका आमच्यातले ज्येष्ठ. त्यांच्याकडे ड्रिल आहे, आणि ग्रुपमध्ये ज्याच्याकडे ड्रिल असतं त्याचं मत जड असतं.

"काय अक्रोड?"

"बाजूच्या फळ्या. जुन्या सिंथना असायच्या, बघितल्या नाहीस? त्याशिवाय तो उबदार आवाज येत नाही."

"काका, तो उबदारपणा आतल्या अ‍ॅनालॉग सर्किटचा. आपलं डिजिटल आहे. सिग्नलच्या वाटेत लाकूड येतच नाही."

"येत नाही कसं? बाजूलाच तर आहे."

मी आवंढा गिळला. इतिवृत्त लिहिणाऱ्याने 'अक्रोड' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मग मी इतिहासाचा आधार घेतला. म्हटलं, स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये एफएम संश्लेषण, म्हणजे एका लाटेने दुसरी हलवून आवाज बनवणं, शोधलं, व्हायब्रॅटो (सुराचा कंप) वाढवत वाढवत नेताना सापडलं ते. यामाहाने त्याचा परवाना घेतला आणि १९८३ मध्ये डीएक्स ७ हा सिंथ काढला. लाटा काढणारे सहा ऑपरेटर, ते जोडायच्या बत्तीस रीती म्हणजे अल्गोरिदम, एका वेळी सोळा सूर. त्या दशकातली निम्मी गाणी त्याच्यावर वाजली असतील. त्याला लाकूड नव्हतं. नॉबसुद्धा नव्हते, नुसती चपटी बटणं!

"म्हणून तर आता बनत नाही," काका म्हणाले.

लोक हसले. मला बाजू घेणारं कोणी नव्हतं, दिवेवाला तर त्यांच्याच शेजारी बसला होता.

"बरं, पण आवाजाचं काय?"

"आवाज काय रे, तो नंतरही घालता येतो. लाकूड नंतर घालता येत नाही."

दुर्दैवाने हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. खोका बंद झाल्यावरही यूएसबीतून कोड चढवता येतोच. त्यामुळे आवाजाचं काम कायम 'नंतर' असतं. म्हणजे रात्री, एकट्याने.

करवतीसारखी सॉटूथ लाट गणिताने जशीच्या तशी काढली तर वरच्या सुरांत २२,०५० हर्ट्झच्या (नमुन्यांच्या वेगाच्या निम्म्या) पलीकडचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले सूर, उलटे दुमडून खाली येतात, आणि भलत्याच सुरात शीळ ऐकू येते. ती शीळ घालवण्यासाठी मी लाटेच्या प्रत्येक उडीचे कोपरे घासत बसलो. आधीचं आणि नंतरचं अशी दोन रेकॉर्डिंग टाकली. उत्तर आलं, "दोन्ही छान." फोनच्या स्पीकरवर ऐकलं असणार, म्हणा. पण त्याच संध्याकाळी पॉलिश न केलेल्या फळीचा फोटो पडला आणि टाळ्यांचा नुसता पाऊस. माझ्या पोटात दुखतंय, असं कोणी म्हणेल. दुखतंयच. फळीत निदान शीळ नव्हती, एवढं मी मान्य करतो.

आता समोरच्या पट्टीला भोकंही पाडून झाली आहेत. अकरा. मी बारा नॉब कळवले होते, पण अकराव्या भोकानंतर ड्रिलची बॅटरी संपली आणि काकांना तो शुभसंकेत वाटला. पिकोवर अ‍ॅनालॉग वाचायला तीनच पिना बाहेर काढलेल्या असतात, म्हणून मी एकाच पिनेवर आळीपाळीने नॉब जोडणारा १६ वाटांचा मल्टिप्लेक्सरसुद्धा जोडून ठेवला आहे. चिप सोळा नॉब वाचायला तयार आहे, पट्टी तयार नाही.

एन्व्हलपचे चार नॉब आहेत: सूर किती वेगाने चढतो, मग किती वेगाने उतरतो, कुठे टिकतो आणि सोडल्यावर कसा विरतो. मघाशी काकांचा निरोप आला: "अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज यातलं एक कमी कर. चौघांचं काम सारखंच दिसतंय."

मी कळवलंय, डिके काढा, त्याचा एखादा आकडा कोडमध्ये कायमचा ठोकून देतो. सस्टेनला हात लावायचा नाही.