टाका लहान म्हणजे ऑपरेशन लहान, असं नसतं

मोबाइलवर एक संदेश फिरतोय: 'मणक्याचं ऑपरेशन सांगितलंय? छोट्या छेदाचंच करा. स्नायू कापत नाहीत, गुण जास्त येतो, धोका नाही, चार दिवसांत कामावर. उघडं ऑपरेशन सांगणारा डॉक्टर जुन्या काळातला.' पायातल्या कळांनी रात्री बसून काढणारी माणसं हे वाचून डॉक्टर बदलतात. म्हणून एकेक दावा तपासायला हवा.

'स्नायू कापत नाहीत' हे बरंचसं खरं आहे. छोट्या छेदाच्या ऑपरेशनांतल्या नळीच्या पद्धतीत एकीवर एक जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवून स्नायूंचे धागे बाजूला सारतात. शेवटी उरते साधारण 18 मिलिमीटर व्यासाची नळी, आणि तिच्यातून डॉक्टर खाली बघतात. उघड्या पद्धतीत स्नायू हाडापासून सोडवून बाजूला ओढावे लागतात. पण नळीच्या तळाशी पोचल्यावर काम तेच असतं: हाडाची जराशी कड काढायची, पिवळसर अस्थिबंध सोडवायचा, नस अलगद बाजूला करायची आणि दोन मणक्यांमधल्या गादीचा निसटलेला, नस दाबणारा तुकडा चिमट्यात धरून बाहेर काढायचा. शिवाय गादीचं उघडं ऑपरेशन म्हणजे पाठभर चीर, हे चित्रही जुनं झालं. 1977 पासून ते सूक्ष्मदर्शकाखाली होऊ लागलं आणि छेद तीन-चार सेंटिमीटरवर आला. संदेशातली तुलना त्याच्याही आधीच्या ऑपरेशनशी आहे.

'गुण जास्त येतो' हा सगळ्यात मोठा दावा, आणि तोच सगळ्यात कच्चा. नेदरलँड्समध्ये गादी सरकलेल्या 328 रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं: काहींचं ऑपरेशन नळीतून, काहींचं सूक्ष्मदर्शकाखालच्या नेहमीच्या पद्धतीनं. निष्कर्ष 2009 मध्ये छापून आले. वर्षानंतर चांगलं बरं वाटल्याचं नळीच्या गटात 69 टक्क्यांनी सांगितलं, नेहमीच्या गटात 79 टक्क्यांनी. पाय आणि कंबरेच्या दुखण्यातला फरक लहान होता, पण तोही नळीच्या बाजूनं नव्हता. छोट्या छेदातून दुर्बीण घालून सगळं काम तिच्यातूनच करतात, त्या पूर्ण दुर्बिणीच्या पद्धतीची तिथंच झालेली मोठी चाचणी 2022 मध्ये आली. तीत पायदुखीसाठी ही पद्धत उघडीपेक्षा कमी ठरली नाही. एवढ्यावरून छेदाच्या लांबीवर गुण अवलंबून असतो, असं म्हणता येत नाही. दबलेली नस पुरती मोकळी झाली का, हे बघायचं.

'धोका नाही' हे वाक्य कुणी लिहूच नये. जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव कमी, हे फायदे खरे आहेत, मणके जोडायला स्क्रू बसवायचे असतील तर जास्तच. पण नसांभोवतीचं आवरण फाटणं, नसेला इजा, तुकडा आत राहणं, गादी पुन्हा सरकणं हे दोन्हीकडे घडू शकतं. त्वचेतून थेट स्क्रू बसवताना हाड डोळ्यांना दिसत नाही, क्ष-किरणांवर विसंबावं लागतं आणि त्यांची मात्रा वाढते. हात बसायलाही बरीच ऑपरेशनं जावी लागतात. 'या पद्धतीनं तुम्ही किती केलीत?' हे डॉक्टरांना निःसंकोच विचारा, त्यात त्यांचा अपमान नाही.

चार दिवसांत कामावर? घरी लवकर जाता येतं, हे खरं. पण दोन मणके जोडले असतील, तर हाड जुळायला महिने लागतात, वरचा टाका केवढाही असो.

राहिला 'जुन्या काळातला' डॉक्टर. वाकलेला कणा, गाठ, आधीच्या ऑपरेशनचे व्रण, अनेक मणक्यांवरचं काम अशा वेळी सगळं नीट दिसावं म्हणून तो उघडं सुचवत असेल, तर ती सावधगिरी आहे.

आणि संदेशात नसलेली गोष्ट: गादी सरकल्यानं होणारी पायदुखी बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनशिवायच उतरते. मात्र लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली बाजू बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्यानं जाऊ लागली, तर पद्धत निवडत बसू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि तिथल्या डॉक्टरचा हात ज्या पद्धतीवर बसलाय त्या पद्धतीनं नस मोकळी करू द्या.