‘हळदीचा भाव’ सांगणाऱ्या कोल्हापूरकरांना उत्तर

मॅराडोनावरच्या माझ्या लेखाखाली एका कोल्हापूरकर वाचकांनी लिहिलंय : “भावा, सांगलीकरांनी हळदीचा भाव सांगावा, फुटबॉल आमच्यासाठी ठेवावा. हातानं गोल घालणाऱ्या आणि कोकेन ओढणाऱ्या माणसाला देव काय म्हणतोयस? आणि नापोलीला तो 84 ला गेला, 85 ला नाही.”

साल चुकलं, मान्य. इटलीतल्या नापोली क्लबात तो गेला ते 1984च. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘भावा’. माझं वय 53. शाहू स्टेडियमवर शेजारी बसून शेंगा खाल्ल्या असत्या तर चाललंही असतं. पण ओळख ना देख, आणि थेट ‘म्हणतोयस’? टीका करा हो, नको कोण म्हणतंय?

राहिली हळद. माझ्या वडिलांनी इथल्या हळदीच्या पेठेत 30 वर्षं दिवाणजी म्हणून काढली. सदरा कितीही धुतला तरी शिवणीत पिवळं राहायचंच. त्याच पगारातून मला बूट आले, स्टडवाले. हळदीच्या घरात फुटबॉल कळत नाही, हे कुठल्या तालमीत शिकवतात? तुमच्या पेठांचा फुटबॉल मोठा, ते मी नाकारत नाही. पण एक सांगतो. उत्तर इटलीतल्या स्टेडियममध्ये दक्षिणेतल्या नापोलीकरांना ‘आंघोळ करा’ असे फलक दाखवायचे. त्याच नापोलीला या माणसानं 1987 ला पहिली लीग जिंकून दिली, 1989 ला युरोपातल्या क्लबांचा यूईएफए कप, 1990 ला पुन्हा लीग. तुमची कॉमेंट वाचून मला ते फलकच आठवले. बाकी तुम्ही सुज्ञ आहात.

कोकेनचं म्हणाल तर 1991 ची 15 महिन्यांची बंदी लेखात आहे. एका वाक्यात आहे, पण आहे. नीट वाचा.

आणि हाताचा गोल? तो सामना मी पाहिलाय साहेब, मोबाइलवर नव्हे. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. 22 जून 1986, रविवार, रात्री साडेअकरा. गावभागात शेजारच्या वकिलांकडे शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, समोर आम्ही पंधरा-वीस जण, बाहेर भुरभुर पाऊस. 51 व्या मिनिटाला गोल झाला. इंग्लंडचे खेळाडू रेफ्रीमागे धावले, तेव्हा आमच्यातले निम्मे म्हणाले ‘ऑफसाइड’. मैदानात उभ्या ट्युनिशियाच्या रेफ्रीला हात दिसला नाही, तो आम्हाला काय दिसणार! तुम्हाला मात्र 40 वर्षांनी बरा दिसतो.

चारच मिनिटांनी दुसरा गोल. स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघून इंग्लंडचे बियर्डस्ली, रीड, बुचर, फेनविक आणि शेवटी गोलकीपर शिल्टन, एकेकाला मागे टाकत. त्याचं वर्णन लेखात दोन परिच्छेद केलंय, त्यावर तुमचा एक शब्द नाही.

त्या वर्णनाबद्दल एक गोष्ट लेखात लिहायची राहिली. ऐन वेळी पडद्यावर मुंग्या आल्या होत्या. सगळ्यांत लहान मी, म्हणून मला गच्चीवर पिटाळलं. “थोडं डावीकडे! अजून! आलं, आलं, हलू नकोस!” आणि लगेच खालून जो आरडाओरडा झाला! मी पळत खाली आलो, तोवर रिप्लेही संपला होता.

तो गोल मी नंतर कॅसेटवर पाहिला. पण अँटेना मी धरला होता.