बिनधास्त डिलीट करा!

रात्री मेहुण्याशी फेसबुकवर राजकारणावरून जुंपली, आणि सकाळी स्वतःचीच कमेंट वाचून पोटात गोळा आला? हातपाय गाळू नका. तीन ठिपके दाबा, डिलीट दाबा. 'नक्की ना?' असं विचारलं जाईल. इतक्या अदबीनं घरातही कुणी विचारत नाही. हो म्हणा आणि चहा टाका.

कमेंट गेली. म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोरून गेली. अख्खं अकाउंट उडवायचं म्हटलं तर आधी ३० दिवस थांबवतात, कदाचित तुमचं मन वळेल म्हणून. मग सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि बॅकअपमधल्या प्रती त्यानंतरही राहू शकतात म्हणे. लागू द्या की, तुम्ही तरी माळा किती दिवसांत आवरता? दरम्यान मेहुण्यानं काढलेला स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर पोचलेला असतो. त्यावर चिडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलंही लगेच डिलीट करा. एरवी गुड मॉर्निंगच्या ढिगात तुमचा मेसेज कुणी उघडला नसता; आता तिथे 'मेसेज डिलीट केला' अशी पाटी लागते आणि सहा महिने गप्प असलेली आत्याही विचारते, "काय रे होतं?"

शंकेखोरांच्या नादी मात्र लागू नका. मॅक्स श्रेम्स हा ऑस्ट्रियातला कायद्याचा विद्यार्थी. २०११ मध्ये त्यानं फेसबुककडे स्वतःची माहिती मागितली, तर बाराशेहून जास्त पानं आली. त्यात त्यानं डिलीट केलेले मेसेजही होते! आपल्याकडे लोक पदरमोड करून आत्मचरित्र छापतात. याला घरबसल्या फुकट मिळालं, तर आभार राहिले बाजूला, पठ्ठ्यानं तक्रारी ठोकल्या.

कंपनीलाही डिलीट करावं लागतं, हे लक्षात घ्या. तुम्ही मजकूर काढलात की तो वापरण्याचा आमचा परवाना संपतो, अशा अर्थाची ओळ फेसबुकच्या अटींत होती. फेब्रुवारी २००९ मध्ये तीच ओळ गायब झाली. बोंबाबोंब झाल्यावर काही दिवसांतच जुन्या अटी परत आल्या. डिलीट केलेलं परत आणता येतं, याचं इतकं चोख प्रात्यक्षिक दुसरं नाही.

बटण चालतच नाही, असंही म्हणू नका. मार्क झुकरबर्ग यांनी पाठवलेले जुने मेसेज समोरच्यांच्या इनबॉक्समधूनसुद्धा नाहीसे झाल्याचं एप्रिल २०१८ मध्ये उघड झालं. सुरक्षेसाठी केलं, असं कंपनीनं सांगितलं. मग रयतेलाही ती सोय मिळाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये. तेव्हा मेसेज पाठवल्यापासून १० मिनिटांत काय ते उरकावं लागे.

शिवाय आपल्याकडे कायदा आहेच! डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, मुख्य तरतुदी लागू व्हायला पुढे १८ महिन्यांची मुदत. इतकी वर्षं थांबलात, आणखी थोडं थांबा. माहिती पुसून मागण्याचा हक्क त्यात चक्क लिहिलेला आहे. फक्त जी माहिती तुम्ही स्वतःहून जाहीर केलीत, तिला हा कायदाच लागू नाही. उदाहरण म्हणून कायद्यानंच सोशल मीडियावर जाहीरपणे मतं मांडणारी व्यक्ती दिली आहे.

तेव्हा हक्क शाबूत ठेवायचा तर पथ्य सोपं आहे. पोस्ट टाका, जरूर टाका, फक्त ती कुणाला दिसणार नाही एवढं बघा.