मारुतीच्या गुडघ्याचे पाणी आणि मोबाइलवरचे क्युसेक

पाऊस जरा उघडला म्हणून आम्ही चौघे गंगापूर रस्त्यावरच्या नेहमीच्या कट्ट्यावर जमलो, तेव्हा प्रत्येकाच्या मोबाइलवर एकच संदेश येऊन पडला होता: गंगापूर धरणातून ६,००० क्युसेक विसर्ग सुरू, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. चहावाला मात्र नुकताच घाटावरून आला होता. "मारुतीच्या गुडघ्याला लागलं पाणी," एवढे सांगून त्याने चार कटिंग पुढे ठेवले आणि वादाला तोंड फुटले.

नाशिककराला सांगायला नको, पण गोदाघाटावर नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पिढीजात पूरपट्टी आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा ही तिची मापे, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेला पाणी लागले म्हणजे महापूर. सराफ बाजारातले माझ्या ओळखीचे एक दुकानदार आजही खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा की नाही, हे मारुतीला विचारून ठरवतात.

पाटबंधारे खात्यात उभी हयात घालवलेले आमचे साहेब यावर उखडले. त्यांचे म्हणणे असे की, मारुती फक्त पाण्याची पातळी सांगतो, प्रवाह सांगत नाही. नदीच्या तळाशी काँक्रीट ओतले, काठाने बांधकामे चढली, म्हणजे तेवढेच पाणी आता अधिक वर येते, आणि आजोबांच्या काळची कंबर आजची कंबर राहत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, मग काळ कोणताही असो. सहा हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ १ लाख ७० हजार लिटर. "यात श्रद्धेला जागा नाही," असे म्हणून त्यांनी विषय संपवल्यासारखा केला.

तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले सर अशा वाक्यांची वाटच पाहत असतात. पर्सी ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९२७ साली मांडले होते की, एखादी संकल्पना म्हणजे ती मोजण्यासाठी आपण जी कृती करतो तीच होय, तेव्हा साहेबांचा पूर आणि चहावाल्याचा पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक खरी आणि दुसरी खोटी असे नव्हे. मला हे जरा जास्तच ताणलेले वाटले, कारण दोन्ही पुरांत दुकान एकच बुडते. म्हणून मी साहेबांनाच विचारले की, धरणाच्या दारातून सुटणारे हे क्युसेक मोजतात तरी कसे?

साहेब प्रामाणिक माणूस. दारातून सुटणारे पाणी कोणी थेट मोजत नाही, हे त्यांनी कबूल केले. दार किती उचलले आणि त्यामागे पाण्याची पातळी किती आहे, हे पाहून सूत्रावरून तयार केलेल्या तक्त्यात विसर्ग काढतात. शिवाय खाली होळकर पुलापाशी आकडा वेगळा निघतो, कारण मधल्या भागात पडलेल्या पावसाचे पाणीही नदीला मिळते. म्हणजे मापात गृहीतके मारुतीचीही आहेत आणि दाराचीही, फक्त दाराची अधिक काटेकोर आहेत आणि चुकली तर दुरुस्त करता येतात. इथवर मी साहेबांच्या बाजूचा. पण मारुतीची कंबर कोणालाही पुलावर उभे राहून तपासता येते, तक्ता मात्र आपल्यापैकी कोणी पाहिलेला नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकांचे कर्तव्य म्हणून १९७६ साली घटनेत आले. ते आपण एकमेकांच्या नवसांवर तोंडसुख घेण्यासाठी वापरतो, आलेला आकडा तपासण्यासाठी क्वचितच.

आतापर्यंत गप्प असलेले निफाडचे भाऊ, ज्यांची द्राक्षबाग कालव्यावर आहे, इथे बोलले. "क्युसेक राहू द्या, पासष्टचं बोला." गोदावरीच्या पाणीवाटपावरील मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालावर आधारलेल्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांहून कमी भरला, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून तूट भरून काढायची असते. भाऊंचा प्रश्न सरळ होता: साठा किती टक्के आहे हे मोजता येते, पण साठ नाही, सत्तर नाही, पासष्टच का, हे कोणत्या यंत्राने मोजले?

सर एकदम सावरून बसले. अमेरिकी अणुशास्त्रज्ञ ॲल्विन वाइनबर्ग यांनी १९७२ साली अशाच प्रश्नांना ‘ट्रान्स-सायन्स’ असे वेगळे नाव दिले होते: विज्ञानाच्या भाषेत विचारता येतात, पण विज्ञानाला ज्यांचे उत्तर देता येत नाही असे प्रश्न. बाष्पीभवन, वहनातली घट, पिकांची गरज हे सारे अभियंता काढून देईल, परंतु द्राक्ष आधी की खालच्या गावांचे पिणे आधी, हा निवाडा आहे, आणि तो टक्केवारीचा सदरा घालून आला की मोजमापासारखा दिसतो.

साहेबांचे उत्तर मला त्या संध्याकाळी सर्वांत वजनदार वाटले. आकडाच नसता तर पाणी कोणाला मिळाले असते, असे त्यांनी विचारले. जो वर बसला आहे त्याला, म्हणजे आपल्याला. पासष्ट हा निवाडा असेल, पण तो कागदावर आहे म्हणून मराठवाड्यातल्या माणसाला तो दाखवून भांडता येते आणि भाऊंनाही त्यावर कोर्टात जाता येते. भाऊंनी मान डोलावली, तरी हट्ट सोडला नाही: निवाडा करणाऱ्यांनी तो निवाडा आहे असे म्हणावे, "शास्त्रीय पद्धतीने निश्चित केले" असे म्हणून आमचे तोंड बंद करू नये.

मग बोलणे पुन्हा मोबाइलवर आले. संदेशात दार किती उचलले आणि पातळी किती, हे दोन आकडे घातले तर तक्ता हाताशी असलेला कोणीही विसर्ग पडताळू शकेल, हे साहेबांनी मान्य केले. त्यांच्याकडे अशा तक्त्याची जुनी झेरॉक्स आहे, ती उद्या आणायचे ठरले. तक्ता इंग्रजीत आहे, असे त्यांनी आधीच बजावले. भाऊ म्हणाले, आकडे तर वाचता येतात मला, आणि रिकामा ग्लास चहावाल्याकडे देऊन पाणी कुठवर आले ते विचारू लागले.