सी प्लस प्लससाठी आर्चच हवं? कोण म्हणतं?

सी प्लस प्लस किंवा रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषांत गंभीरपणे काम करायचं असेल तर उबुंटू-डेबियन हे लिनक्सचे डिस्ट्रो (तयार संच) सोडा, आर्च किंवा जेन्टू घ्या, असा सल्ला सध्या जोरात फिरतोय. कारणं तीन. तिथले कंपायलर (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवणारी साधनं) जुनाट असतात, जेन्टूवर सगळं स्वतः कंपाइल केलं की बिल्ड पळतं, आणि आर्चवर कायम ताजा माल मिळतो.

पहिलं कारण अर्धं खरं आहे. डेबियन १२ मधला रस्ट १.६३ चा, आज त्यावर कितीतरी क्रेट (रस्टची पॅकेजेस) बिल्डच होत नाहीत. पण रोज रस्ट लिहिणारे कंपायलर एपीटीने, म्हणजे डिस्ट्रोच्या पॅकेज मॅनेजरने, घेतात कुठे? रस्टअप हे रस्टचं स्वतःचं साधन होम डिरेक्टरीत टूलचेन (कंपायलर आणि सोबतची साधनं) टाकतं, प्रोजेक्टच्या फाइलमध्ये आवृत्ती लिहिली की अख्ख्या टीमला तीच मिळते. खाली कुठला डिस्ट्रो आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सी प्लस प्लसचा कंपायलर जीसीसी घ्या: उबुंटू २४.०४ चा मूळ जीसीसी १३ असला तरी त्याच रेपोत (पॅकेजच्या साठ्यात) जीसीसी १४ आहे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरसाठी तो बनवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पाची स्वतःची एपीटी रेपो आहे, रेड हॅटवाल्यांना नवा कंपायलर देणारा जीसीसी टूलसेट. लायब्ररीच्या हेडर फाइल्ससाठी वेगळं ‘डेव्ह’ पॅकेज शोधण्याची कटकट आर्चवर नाही, हे मात्र मान्य.

जेन्टूचं फार बोलायला नको. बिल्डचा वेळ खातात टेम्प्लेट, हेडर आणि कंपाइल झालेले तुकडे जोडणारा लिंकर. मोल्ड किंवा एलएलडी हे वेगवान लिंकर लावा, आधी कंपाइल झालेलं जपून ठेवणारं सीकॅश लावा, फरक लगेच दिसेल. खुद्द जेन्टूने डिसेंबर २०२३ पासून आधीच कंपाइल केलेली (बायनरी) पॅकेजेस द्यायला सुरुवात केली, यात काय ते आलं.

खरी गोची तिसऱ्या कारणात आहे. ताज्या मशिनवर ग्लिबसी ही लिनक्सची मूळ सी लायब्ररीही ताजी असते, आणि तुमची बायनरी तिलाच बांधली जाते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.३४ ने थ्रेडची लायब्ररी मुख्य लायब्ररीत सामावून घेतली. त्यासोबत प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाही नवं व्हर्जन मिळालं. म्हणजे थ्रेडचा वासही नसलेला दोन ओळींचा हॅलो वर्ल्ड आज आर्चवर बांधून उबुंटू २०.०४ वर नेला, जिथे २.३१ आहे, तर ‘ग्लिबसी २.३४ सापडत नाही’ म्हणत लोडर (प्रोग्रॅम मेमरीत आणून सुरू करणारा भाग) हात वर करतो. जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, उलट नाही. पायथनची बायनरी पॅकेजेस बांधणारे वर्षानुवर्षं सेंटओएस ७ आणि ग्लिबसी २.१७ ला चिकटून राहिले, ते हौसेने नव्हे. मसल या दुसऱ्या सी लायब्ररीने स्टॅटिक लिंक करून, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच घालून, सुटता येतं, पण अनेक थ्रेड असले की त्याचा मेमरी अ‍ॅलोकेटर रडतो.

शिवाय ताजेपणा तुमची वेळ बघून येत नाही. एप्रिल २०२५ चा जीसीसी १५ सी भाषेसाठी सी२३ हेच मानक गृहीत धरतो, तिथे ‘बूल’ हा कीवर्ड आहे. जुन्या कोडमध्ये कुणी त्याच नावाचा टाइपडेफ (स्वतःचा डेटाप्रकार) करून ठेवला असेल, तर काल चालणारं बिल्ड अपडेटनंतर बंद. जुनं मानक फ्लॅगने मागता येतं, पण रिलीजच्या आदल्या रात्री ते शोधत बसायची हौस कुणाला? लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी फेडोरा या नवं लवकर घेणाऱ्या डिस्ट्रोवर हे आधी बघून घेणं वेगळं, ते उपयोगाचंच.

लॅपटॉपवर आर्च खुशाल ठेवा. रिलीजचं बिल्ड मात्र वापरणाऱ्यांकडच्या सर्वांत जुन्या ग्लिबसीच्या कंटेनरमध्ये (बंदिस्त, वेगळ्या वातावरणात) करा, आणि बायनरी बाहेर देण्याआधी ऑब्जडंप या साधनाने तिला ग्लिबसीची कुठली आवृत्ती लागते ते बघा.