पाण्यात तेल विरघळत नाही

लव्हेंडर आणि लिंबाचे इसेन्शियल ऑइल (वनस्पतींपासून काढलेले सुगंधी तेल) गुलाबपाण्यात घालून बाटली हलवली की घरगुती परफ्यूम तयार होतो, असे घरच्या घरी परफ्यूम बनवण्याविषयीच्या एका लेखात म्हटले आहे. परंतु ही तेले पाण्यात विरघळत नसल्याने थोड्याच वेळात वर तरंगू लागतात आणि फवाऱ्यातून कधी नुसते पाणी, तर कधी तेलाचे थेंब अंगावर येतात. म्हणून मी पाण्याऐवजी 10 मिलिलिटर जोजोबा तेलात वाळ्याचे दोन, चंदनाचे तीन आणि संत्र्याचे दोन थेंब घालून रोल-ऑनची बाटली भरते. वाळ्याचे तेल इतके दाट असते की थेंब पडण्यासाठी बाटली उपडी धरून वाट पाहावी लागते (घाईत झटका दिला, तर बेत बिघडलाच). संत्र्याचा गंध लवकर उडतो, वाळ्याचा मात्र संध्याकाळीही मनगटावर दरवळत असतो. लिंबाच्या किंवा बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या साली दाबून काढलेल्या तेलातील फ्युरोकुमरिन या घटकांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, हा इशारा लेखात ठळकपणे द्यायला हवा होता.